मागाच्या खडखडाटात फोन कळावा म्हणून: मोबाइल तंत्राचा प्रोटोटाइप कसा बनवायचा आणि कसा तपासायचा

सोलापूरच्या पूर्व भागातले एक विणकर अण्णा माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आले. म्हणाले, "मालक, रिंग ऐकू येईना. स्पीकर बघा." मी स्पीकर बदलून दिला. आठ दिवसांत परत आले. मग जाळी उघडली, आत तूस भरलेलं होतं, ते साफ केलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी फोन काउंटरवर ठेवून मोठ्यानं वाजवून दाखवला. समोरच्या चहावाल्यानंही मान वळवली. अण्णा शांतपणे म्हणाले, "इथं वाजतंय हो. तिथं या की एकदा."

गेलो. चादरीचे माग चालू होते आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागत होतं. धोट्याच्या (आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे फेकल्या जाणाऱ्या नळीच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तिथं खिशातला फोन कितीही ओरडला तरी व्यर्थ. फोन ठणठणीत होता, बिघाड माझ्या समजुतीत होता. त्या दिवसापासून दंडावर बांधायचा, फोन आला की थरथरणारा एक छोटा पट्टा बनवायच्या मागे लागलो. त्यात चार प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीचे कच्चे नमुने, झाले. मोबाइलशी जोडलेली कुठलीही नवी वस्तू बनवायची असेल तर रस्ता साधारण हाच असतो, म्हणून तो क्रमानं लिहितो.

पायरी १: एका ओळीत प्रश्न लिहा

वहीच्या पहिल्या पानावर काय बनवायचंय ते लिहू नका, काय माहीत करून घ्यायचंय ते लिहा. माझं पहिलं वाक्य होतं, "कामगारांसाठी स्मार्ट बँड." त्यावरून काहीच ठरत नाही. दुसरं होतं, "चालू मागासमोर उभ्या माणसाला २० पैकी किमान १८ वेळा, ५ सेकंदांच्या आत, फोन आल्याचं अंगावर कळतं का?" याला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. १८ हा आकडा माझा, तुमचा वेगळा असेल. पण तो चाचणीच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलात तर जे आलं तेच बरं वाटायला लागतं.

एका प्रोटोटाइपला एकच प्रश्न. थरथर कळते का, बॅटरी पुरते का आणि पट्टा टोचतो का, हे तिन्ही एकाच डबीतून काढायला गेलात तर डबी फसल्यावर कशामुळं फसली ते कळत नाही.

पायरी २: आधी लाकूड

पाम पायलट हा खिशातला संगणक १९९६ मध्ये बाजारात आला. तो बनवणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी त्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा कापून घेतला होता. तो खिशात घेऊन ते हिंडत आणि जणू त्यात लिहितोय अशा थाटात तो वापरत. लोकांना विनोद वाटतो, मला ती सगळ्यात स्वस्त चाचणी वाटते.

मी सुताराकडून सागवानाचा काडेपेटीएवढा तुकडा आणला, कडा घासल्या, वजनासाठी मागं एक जुना सेल चिकटवला आणि वेलक्रोनं अण्णांच्या मनगटावर बांधला. दुपारपर्यंत निकाल लागला. ताण्याचा (उभा) धागा तुटला की विणकर वाकून फणीजवळ हात घालतो. मनगटावर जाडजूड काही असेल तर ते तिथं अडकतं. मनगट बाद. एकही तार न जोडता कळलेली ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा मोलाची वाटते.

मग दंड ठरला. तिथंही एक नियम पाळा: फिरत्या यंत्राजवळ घालायची कोणतीही वस्तू ओढ बसताच सुटून आली पाहिजे. मी वेलक्रोचा पट्टा स्प्रिंग काट्याला अडकवून ओढला आणि २ किलोच्या आत सुटेल एवढाच वेलक्रो ठेवला. बकल, दोरी, साखळी नको. आणि ठोकळा असला तरी मालक आणि कामगार दोघांची परवानगी घेऊनच आत जा.

मध्ये एकानं सुचवलं होतं, कानात ब्लूटूथ घाला की. विणकर मागाचा आवाज ऐकत काम करतो. धोटा नीट बसला नाही तर ते डोळ्याआधी कानाला कळतं. तो कान बुजवायचा नाही.

पायरी ३: बाजारात मिळणारा फोनच वापरून बघा

थरथर कळते का, हे बघायला लगेच सर्किट लागत नाही. पळायला जाणारे दंडावर फोन बांधतात तसली पिशवी घ्या, त्यात फोन घालून व्हायब्रेटवर ठेवा आणि बाहेरून कॉल करा. खिसा, कंबर, दंड अशा तिन्ही जागी वीस-वीस वेळा. कळलं की माणसानं फक्त मान हलवायची. तुम्ही दाराशी घड्याळ घेऊन उभे.

इथं एक गंमत कळली. दंडावर थरथर लागते, पण माणूस तिला मागाचीच समजतो. साधा माग मिनिटाला धोट्याच्या १२० फेकी मारत असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका जमिनीतून पायात येतो. फोनची थरथरही अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद अशी एकसुरी असेल तर ती त्या तालात विरघळते. म्हणून ठेका मुद्दाम वाकडा हवा. बऱ्याच चाचपणीनंतर मी ठेवलेला ठेका असा: ७०० मिलीसेकंद चालू, १५० बंद, १५० चालू, ४०० बंद, मग पुन्हा. लांब-आखूड, लांब-आखूड. मागात असा ताल नसतो.

पायरी ४: टेबलावरचं सर्किट

आता सोल्डरिंग आयर्न काढा. पहिल्या खेपेला लागतं ते एवढंच: ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेली, प्रोग्राम करता येणारी चिप) चा डेव्हलपमेंट बोर्ड, नाण्याएवढी १० मिलीमीटरची व्हायब्रेशन मोटर (फुटलेल्या जुन्या फोनमधूनही निघते), २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, १एन४१४८ डायोड, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी) आणि जंपर वायर.

मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका. सुरू होताना ती शंभरेक मिलीअँपियर खेचते आणि ईएसपी३२ ची पिन जास्तीत जास्त ४० देऊ शकते. जोडणी अशी करा (कलेक्टर, एमिटर आणि बेस हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय):

१. मोटरची एक तार ३.३ व्होल्टला, दुसरी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला.
२. एमिटर ग्राउंडला.
३. पिन २५ पासून १ किलोओहममधून बेसला.
४. डायोड मोटरच्या दोन टोकांवर आडवा, पट्टीची बाजू ३.३ व्होल्टकडे. मोटर बंद होताना उलटा झटका येतो, तो हा डायोड गिळतो.
५. कपॅसिटर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये, मोटरच्या जवळ.

पिन २५ उगाच निवडलेली नाही. ०, २, १२ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच्या कामाला वापरतो, त्यांना काही लटकवलं की कधीतरी बोर्ड उठतच नाही. ३४ ते ३९ या पिना फक्त आत घेतात, बाहेर काही देत नाहीत. मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट होऊन स्क्रीनवर ब्राउनआउटचा संदेश आला, तर प्रोग्राम तपासत बसू नका. व्होल्टेज कोसळलंय. कपॅसिटर मोठा लावा, बारीक वायर बदला, यूएसबीची केबल बदला, याच क्रमानं.

काही जण विचारतात, सिमकार्डच घाला की आत, फोन कशाला हवा? मलाही मोह झाला होता. स्वस्तातला टूजी मॉड्यूल घेतला. तो टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपियरपर्यंत खेचतो, त्यामुळं बॅटरी मोठी, डबी मोठी. शिवाय जिओला टूजी नाहीच, म्हणजे बऱ्याच लोकांचं सिम चालणार नाही. फोरजीचा मॉड्यूल घेतला तर खर्च वाढतो. ज्याच्या खिशात आधीच फोन आहे त्याला दुसरा फोन विकण्यात अर्थ नव्हता. ती वाट मी सोडली.

पायरी ५: अॅप लिहिण्याआधी अॅपचं सोंग

बोर्डाचा प्रोग्राम लिहायच्या आर्डुइनो आयडीई या सॉफ्टवेअरमध्ये ईएसपी३२ चं पॅकेज टाकलं की उदाहरणांत बीएलईवरच्या यूआर्टचं, म्हणजे कमी विजेच्या ब्लूटूथवरून अक्षरं पाठवायचं, तयार उदाहरण मिळतं. त्यात "१" आलं की मोटरचा ठेका सुरू, "०" आलं की बंद, एवढीच भर घाला. मग स्वतःच्या फोनवर एनआरएफ कनेक्ट हे फुकटचं अॅप घ्या, बोर्डाशी जोडा आणि त्यातून हातानं "१" पाठवा.

पट्टा अण्णांच्या दंडावर, पाठवणारा मी दाराआड. त्यांच्या दृष्टीनं कॉल आला. अॅप अस्तित्वातच नाही, तरी अॅप असल्यावर काय होईल ते दिसतं. बदल करायचा झाला की दोन ओळी बदलायच्या आणि चहा होईपर्यंत पुन्हा चाचणी. याच टप्प्यात कळलं की कॉल कट करायचं बटण कुणालाच नकोय. मी ते कौतुकानं लावलं होतं. अण्णांनी सरळ सांगितलं, "हात तेलाचे असतात. कळलं की बास. बाहेर जाऊन बोलतो मी."

पायरी ६: फोनच्या बाजूचं काम

इथं थोडक्यात सांगतो, कारण अॅप शिकवणारे लोक पुष्कळ आहेत. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन वाचायची परवानगी घेऊन कॉल आल्याची खबर पट्ट्याकडे ढकलता येते. गॅजेटब्रिज हे मुक्त स्रोत अॅप अनेक पट्ट्यांसाठी हेच करतं, त्याचा कोड वाचा, महिन्याचं काम वाचेल. त्रास येतो तो दुसरीकडून. बरेच फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची अॅप्स मारून टाकतात. टेबलावर तासभर झकास चालतं आणि पाळीच्या तिसऱ्या तासाला पट्टा मुका होतो. म्हणून त्या अॅपची बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि चाचणी अख्ख्या १२ तासांच्या पाळीची घ्या, स्क्रीन बंद ठेवून.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी ती लहर शोषतं. फोन डाव्या मागच्या खिशात आणि पट्टा उजव्या दंडावर, ही सगळ्यात वाईट स्थिती. तीच आधी तपासा. मग कामगाराला चहाला बाहेर पाठवा, फोन आतच ठेवायला सांगा. परत आल्यावर पट्टा आपोआप जोडला गेला पाहिजे. तो जोडायला फोन हातात घ्यावा लागला तर ती वस्तू दुसऱ्या दिवशी घरीच राहते.

पायरी ७: बॅटरी, आणि सोलापूरचा मे महिना

आधी कागदावर हिशोब. ईएसपी३२ साध्या प्रोग्रामवर ब्लूटूथ धरून ठेवताना ९० मिलीअँपियरच्या आसपास खातो. ३०० मिलीअँपियर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वातीन तास. मोटरला दोष देऊ नका: दिवसाला २० कॉल, प्रत्येकी १० सेकंद, ८० मिलीअँपियरनं धरले तरी तिचा खर्च साडेचार मिलीअँपियर-तास होतो. खादाड चिप आहे. म्हणून तिसऱ्या प्रोटोटाइपला मी एनआरएफ५२ या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथ चिपवर गेलो. तो नीट झोपवला तर सरासरी १ मिलीअँपियरच्या आत राहतो. सुरुवातीपासून तोच का नाही घेतला? कारण पहिले दोन प्रश्न बॅटरीचे नव्हतेच, आणि ईएसपी३२ मला येत होता.

आता जपायची जागा. चार्जिंगला सगळे टीपी४०५६ चा छोटा मॉड्यूल वापरतात. त्यावर कारखान्यातून १.२ किलोओहमचा रेझिस्टर येतो, म्हणजे १ अँपियर चार्जिंग. छोट्या ३०० च्या सेलला ते तिपटीहून जास्त आहे. तो बारीक रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावा, करंट १३० मिलीअँपियरवर येतो. मी हे पहिल्यांदा विसरलो. सेल फुगून पापडासारखा झाला, नशिबानं पेटला नाही. मॉड्यूल घेताना त्यावर संरक्षणाचं सर्किट आहे का तेही बघा, बिनसंरक्षणाचेही त्याच दिसण्यात मिळतात. फुगलेला सेल टोचू नका, घरात ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४३ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये काय असेल ते सांगायला नको. म्हणून चार्जिंग रात्री घरी, कारखान्यात नाही, हा नियम मी वस्तूवरच छापला. थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) लावून चार्जिंग आपोआप थांबवणं हा खरा उपाय, तो चौथ्या प्रोटोटाइपमध्ये आला.

पायरी ८: डबी

थ्रीडी प्रिंट करून घ्यायची तर पीएलए प्लास्टिक घेऊ नका. ते साठेक अंशांना मऊ पडतं. उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत माझी पहिली डबी वाकून आली. पीईटीजी प्लास्टिक बरं. ब्रेडबोर्डवरून सर्किट आता झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या, सोल्डर करायच्या पाटीवर) घ्या, तारांच्या टोकांना ग्लू गनचा थेंब द्या, नाहीतर हिसक्यानं सोल्डर सुटतं.

चाचण्या तीन. तूस: डबी दोन दिवस मागाखाली ठेवा, मग उघडून भिंगातून बघा. माझ्या डबीत चार्जिंगच्या भोकातून आत मऊ गादी झाली होती, म्हणून भोकाला रबरी बूच आलं. घाम: मिठाच्या पाण्यानं ओला केलेला फडका पट्ट्याभोवती रात्रभर गुंडाळा, सकाळी सोल्डरवर हिरवट डाग दिसतात का बघा. पडणं: छातीच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर, सहाही बाजूंनी एकेकदा. कोपऱ्यावर पडलं तर सगळ्यात जास्त लागतं, म्हणून कोपरेही. ही घरगुती परीक्षा आहे, हिच्या जोरावर डबीवर आयपी५४ वगैरे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा छापायचा नाही. तो शिक्का प्रयोगशाळेचा.

पायरी ९: माणसांवर चाचणी

पाच माणसं पुरतात, पण सगळी ओळखीची नकोत. एक तरी वयस्क, एक तरी बाई, एक तरी फोनला वैतागलेला. "आवडलं का?" असं विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन कुणी मोडत नाही, "चांगलंय की" असंच उत्तर येतं. विचारायचं असेल तर "काल किती वाजता काढून ठेवलं?" असं विचारा. इथले अनेक विणकर आपसात तेलुगू बोलतात. सोबत त्यांच्यातलंच कुणी असेल तर खरी तक्रार बाहेर येते. मला जी कधीच सांगितली नव्हती ती अशीच कळली: पट्ट्याखाली घामोळं येतं. मग आतल्या बाजूला चादरीच्या कारखान्यातलाच टेरीचा तुकडा शिवला.

प्रत्येक डबीवर मार्करनं नंबर, वहीत त्या नंबरापुढं तारीख, प्रोग्रामची आवृत्ती आणि काय बदललं ते. एका वेळी एकच बदल. जुना नमुना मोडून त्याचे सुटे भाग नव्यात घालायचा मोह आवरा, तुलनेला तो लागतो.

पायरी १०: पाचाच्या पुढं जायचं असेल तर

कंपन्यांत याला तीन टप्पे असतात. ईव्हीटी म्हणजे सर्किट मुळात चालतं का, डीव्हीटी म्हणजे खऱ्या डबीत आणि खऱ्या हवेत टिकतं का, पीव्हीटी म्हणजे कारखान्याच्या ओळीवर शंभरावा नगही पहिल्यासारखाच निघतो का. घाई करू नका. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला, तो प्रोटोटाइप किलोभराहून जड होता. विकायचा फोन बाजारात आला १९८३ मध्ये, ३,९९५ डॉलरला.

विकायचं ठरलं की कायदा येतो. रेडिओ (ब्लूटूथही त्यातच) असलेल्या वस्तूला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या वायरलेस शाखेची, ईटीए मान्यता लागते. आधीच मान्यता असलेला ब्लूटूथ मॉड्यूल घेतला तर ती वाट सोपी होते, म्हणून सुटी चिप घेऊन स्वतःचा अँटेना काढायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. लिथियम सेल बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस १६०४६ मानकाचा घ्या. चाचणीसाठी फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बदलून बघणं हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सिग्नलचा बूस्टर किंवा जॅमर बनवून बघायचं तर मनातून काढूनच टाका.

पेटंटचा विचार असेल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. एकदा चारचौघांत उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. अशोक चौकाजवळच्या वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना प्रोजेक्टला विषय हवेच असतात. पण कोणी काय केलं, हक्क कोणाचा, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून सह्या करा.

चौथा पट्टा सध्या अण्णांच्या दंडावर आहे. परवा दुकानात येऊन म्हणाले, "कळतंय आता. पण सूतवाल्याचा फोन आणि घरचा फोन एकसारखाच थरथरतोय. सूतवाल्यासाठी माग सोडून मी बाहेर जात नाही." वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: "चालू मागासमोर माणसाला दोन वेगळे ठेके २० पैकी किमान १८ वेळा ओळखता येतात का?"